जपानच्या शाळेत उन्हाळी सुट्टी : मुलं घरी, मी स्टाफरूममध्ये. काय करता तुम्ही?

वाशिष्ठी | २३ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, एप्रिलपासून इथे शिकोकू बेटावर कोची प्रांतात शिमान्तो नदीच्या काठी एका छोट्या गावात इंग्रजीची असिस्टंट टीचर आहे, म्हणजे ज्याला इथे सगळे एएलटी म्हणतात ते. आठवड्यातले तीन दिवस मिडल स्कूल आणि दोन दिवस प्राथमिक शाळा.

गेल्या आठवड्यात पहिलं सत्र संपलं. जिममध्ये समारोप झाला, एसी नाही, मुलं जमिनीवर ओळीने बसलेली, मुख्याध्यापकांचं भाषण, मग सुट्टीत नदीवर जाताना काय काळजी घ्यायची ते. मग घरी जायची गडबड. पहिलीतली पोरं काय काय घेऊन निघाली होती! पाठीवर दप्तर, खांद्याला रंगपेटीची पिशवी, आणि दोन्ही हातांनी धरलेली निळ्या प्लास्टिकची कुंडी, त्यात स्वतः बी पेरून वाढवलेला आसागाओचा वेल. आपल्या गणेशवेलीच्या जातीचाच, फक्त फूल मोठं, सकाळी उमलणारं. सुट्टीभर घरी त्याला पाणी घालायचं, चित्र काढायचं, बिया गोळा करून सप्टेंबरात शाळेत आणायच्या. एक चिमुरडा कुंडी उचलून दहा पावलं चालायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. मी गेटपर्यंत पोचवायला गेले तर म्हणाला नको, माझी आहे.

आणि आता शाळा रिकामी. पण माझी सुट्टी नाही! कॉन्ट्रॅक्टप्रमाणे रोज सव्वाआठ ते चार हजर राहायचं. धडे नाहीत, तपासायला वह्या नाहीत, बाहेर सेमी म्हणजे रातकिड्यांचे थोरले भाऊ असे कोकलतात की खिडकी उघडली तर फोनवर बोलता येत नाही. बाकीचे शिक्षक मात्र कामात बुडालेले असतात आणि मी आपली टेबलाशी बसून. फार अपराधी वाटतं हो. जे इथे राहिलेत किंवा राहतात त्यांनी सांगा, हा दीड महिना तुम्ही कसा काढता? रजा टाकून द्यावी का?

---

नंद्या८४ | २३ जुलै, रात्री १०.०५

वाचतोय. कुंडीवाला पोरगा डोळ्यासमोर आला.

---

पिंपळपान | २३ जुलै, रात्री ११.३०

वाशिष्ठी, मी २००९ ते २०१३ इबाराकी प्रांतात हेच काम केलंय, आता पुण्यात आहे. तुझं वाचून चारही उन्हाळे परत आठवले.

आधी रजेचं. जुलैमध्ये अजिबात टाकू नकोस. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे तिथला पितरांचा सण येतो, त्या वेळी बऱ्याच ठिकाणी शाळा दोन-चार दिवस पूर्ण बंद ठेवतात. तुझ्या ऑफिसला विचारून घे. शिवाय उन्हाळ्याची म्हणून तीन ते पाच दिवसांची वेगळी रजा असते, ती नेहमीच्या रजेतून कापली जात नाही, तीही विचार. नव्या माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही.

आता बसून राहण्याचं. पहिल्या वर्षी मी पण कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं गिरवत बसलो, आठवड्याभरात कंटाळून गेलो. मग एका सरांनी विचारलं की केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या मुलांचा सराव बघायला येतोस का. गेलो तो रोजच जायला लागलो. तिथे शाळेला सुट्टी असली तरी बुकात्सुला, म्हणजे क्लबांना सुट्टी नसते. बेसबॉल, टेनिस, ब्रास बँड, सगळं चालू. वर्गात जी मुलं तोंड उघडत नाहीत ती मैदानावर आपणहून येऊन बोलतात, कारण तिथे चूक झाली तर मार्क जात नाहीत. तुला खेळता यायची गरजच नाही, बाटल्या भर, चेंडू गोळा कर, नावं पाठ कर. मला चार वर्षांत जेवढी मुलं खरी कळली ती त्या चार ऑगस्टमध्ये.

उन्हाळा म्हटला की माझ्या डोक्यात २०११ येतो. मार्चमध्ये भूकंप झालेला, अणुभट्ट्या बंद, विजेचा तुटवडा. टोकियो आणि ईशान्येकडे सगळीकडे वीजबचत. आमच्या शाळेत कॉरिडॉरचे दिवे बंद, स्टाफरूमचा एसी बंद, प्रत्येकाच्या गळ्यात ओला टॉवेल. खिडक्यांवर दोऱ्या बांधून गोयाचे वेल चढवले होते, ऊन अडवायला. गोया म्हणजे आपलं कारलं! जुलैअखेर कारलीच कारली, आणि त्या भागात ते फारसं कुणी खात नव्हतं. मी घरी नेऊन काचऱ्या केल्या, गूळ, तीळ, थोडा मसाला, आणि डब्यात घालून आणल्या. उपमुख्याध्यापकांनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ गप्प, मग उठून स्वतःचा भाताचा डबा घेऊन आले. पुढचा महिनाभर रोज सकाळी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार कारली असायची.

---

आडवाटेचा | २४ जुलै, सकाळी ७.१५

धागा चांगला आहे पण एक गोष्ट सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळ्या एएलटींचं असंच असतं. वाशिष्ठीताई, तुम्ही गावाच्या शिक्षण मंडळाच्या थेट नोकरीत आहात म्हणून बसून का होईना पगार मिळतो. मी हाकेनमध्ये आहे, मधल्या कंपनीमार्फत शाळेत जातो, कंपनीचं नाव लिहित नाही. ऑगस्टमध्ये शाळा नाही म्हणून पगार निम्म्याहून कमी. भाडं मात्र पूर्ण, विमा पूर्ण. पहिल्या वर्षी हे कॉन्ट्रॅक्टमध्ये वाचलं होतं पण त्याचा अर्थ ऑगस्टच्या पगाराची स्लिप हातात आल्यावर कळला.

बरं दुसरं काम करावं तर व्हिसा आडवा येतो. शाळेत शिकवायचा व्हिसा असेल तर खाजगी इंग्लिश क्लासमध्ये शिकवायला इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी लागते. मी पहिल्या वर्षी अर्ज उशिरा टाकला आणि ऑगस्ट कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातच टाकला, आता सुट्टीत एका क्लासमध्ये लहान मुलांचा उन्हाळी कोर्स घेतो, दिवसाला सहा तास, घसा बसतो पण भाडं निघतं. कुणी यायचा विचार करत असेल तर बारा महिन्यांचा पगार महिन्याप्रमाणे लिहून मागा, वर्षाचा आकडा बघून सही करू नका.

---

वाशिष्ठी | २४ जुलै, सकाळी ७.५०

आडवाटेचा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला खरंच कल्पना नव्हती. आता तर बसून कंटाळा आला म्हणायचीही लाज वाटतेय.

---

गुरुजी_वर्धा | २४ जुलै, दुपारी १.२०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात, विदर्भात ४५ च्या वर पारा, आणि सुट्टीत कधी सर्वेक्षण, कधी निवडणुकीचं ट्रेनिंग. त्यामुळे एसीत बसून पगार मिळतो याची तक्रार मला जरा पटली नाही, स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

पण पिंपळपान यांचा मुद्दा शंभर टक्के पटला. आमच्याकडेही सुट्टीत गावात पोरं भेटतात, बोरं-चिंचा हातात ठेवतात, आणि वर्गात न बोलणारा पोरगा विहिरीवर पोहायला शिकवतो. तेव्हा ताई, टेबल सोडा आणि बाहेर पडा.

---

वाशिष्ठी | २४ जुलै, दुपारी ४.३०

गुरुजी, राग कसला. एसी २८ वर असतो हो! २००५ साली सरकारने कूल बिझ म्हणून मोहीम काढली, टाय-कोट नको आणि एसी २८ अंशांवर, ते आमच्या उपमुख्याध्यापकांनी अजून मनावर घेतलंय. आणि आमचा भाग ऐका, इथून जवळ एकावासाकी म्हणून ठिकाण आहे, १२ ऑगस्ट २०१३ ला तिथे ४१.० अंश झालं होतं, तेव्हा तो पूर्ण जपानचा उच्चांक होता. गावकरी अजून अभिमानाने सांगतात.

---

हिमगौरी | २४ जुलै, रात्री ८.१०

तो उच्चांक २०१८ मध्येच मोडला, आणि २०२५ च्या ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतात इसेसाकीला ४१.८ नोंदलं गेलं.

मी होक्काइदोत. आमच्याकडे सुट्टी जेमतेम पंचवीस दिवसांची, कारण उरलेली हिवाळ्यात बर्फासाठी ठेवतात. ओबोन संपला की शाळा सुरू, आणि लगेच संध्याकाळी स्वेटर. पूर्वी इथे कुणाला एसी लागायचाच नाही म्हणून घरात नसायचा, आता ३५ होतं तेव्हा हाल होतात. माझ्या वर्गात दोन पंखे आहेत आणि बत्तीस मुलं. सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मी वहीने वारा घेत विशेषणं शिकवली, हॉट, हॉटर, हॉटेस्ट, उदाहरणं शोधावी लागली नाहीत.

---

चकली | २५ जुलै, सकाळी १०.००

अवांतर : वाशिष्ठी, गावातल्या जुन्या घरात राहत असशील तर मुकादेपासून जप!! गोम, पण वीतभर. मी वाकायामात होते तेव्हा अंथरुणात निघाली होती. शेजारच्या आजींनी शिकवलं की चपलेने मारत बसायचं नाही, चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात. रात्री बूट झटकून घाल.

---

वाशिष्ठी | २५ जुलै, दुपारी १२.१५

चकली, उशीर झाला सांगायला. परवाच बाथरूममध्ये भेट झाली :( चिपळूणला गोमी बघितल्यात पण ही निळसर काळी आणि पाय लालभडक. आणि पावसाळ्याचंही तेच, जूनभर त्सुयु चालू होता, कपाटात कपड्यांना बुरशी, आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली अगं हे तर आपलंच घर दिसतंय. इथे ते पाणी शोषणारे प्लास्टिकचे डबे मिळतात, आत पांढरे खडे असतात, तीन आठवड्यांत डबा पाण्याने भरतो. येताना आईसाठी दहा आणणार आहे.

---

सुगरण_माई | २५ जुलै, रात्री ९.००

मी टोकियोत निशी-कासाईला असते, आमच्या इथे खूप भारतीय. तुम्ही शाकाहारी असाल तर उन्हाळ्यातलं एक लक्षात ठेवा, थंडगार सोमेन शेवया सगळेजण प्रेमाने खायला घालतात आणि त्या बुडवायच्या पाण्यात मात्र सुक्या माशाचा अर्क असतो. दिसत नाही, म्हणून देणाऱ्यालाही सुचत नाही. कोंबु, म्हणजे समुद्री वनस्पतीचा आणि सुक्या शिताके मशरूमचा अर्क काढून सॉय सॉस घालून घरी करा, बाटलीत भरून शाळेत न्या.

मुगीचा पिता की नाही? भाजलेल्या सातूचा, म्हणजे बार्लीचा गार चहा. पहिल्या वेळी करपलेलं पाणी वाटतं, पंधरा दिवसांनी त्याच्याशिवाय चालत नाही. आणि घाम फार येत असेल तर उमेबोशी, म्हणजे आलुबुखाऱ्यासारखं खारवलेलं फळ तोंडात धरा, आपल्या मोरआवळ्याच्या उलट, कडक आंबट-खारट.

आणि हो, मुलं विचारतात ना की भारतात रोज नान आणि करी खाता का?

---

वाशिष्ठी | २५ जुलै, रात्री ९.४५

रोज विचारतात माई! मी नान इथे येऊन जास्त वेळा खाल्लाय. तिसरीच्या वर्गाला भाकरीचा फोटो दाखवला तर म्हणाले चंद्र आहे.

मुगीचाच्या बदल्यात मी सुकी आमसुलं आणलीत, कोकमाचं सरबत करून स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये ठेवलं. रंग बघून आधी वाटलं की शिसोचं सरबत आहे, इथे लाल शिसोच्या पानांचं अगदी त्याच रंगाचं करतात. संगीताच्या बाईंनी मग मला ते करून आणून दिलं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

---

बॉलर_विक्या | ६ ऑगस्ट, दुपारी २.००

कोशियेन सुरू झालं का? माझ्या शाळेत तर त्या काळात स्टाफरूमचा टीव्ही दिवसभर चालू असायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हायस्कूल बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, १९१५ पासून चालू, १९२४ पासून कोशियेनच्या मैदानावर. प्रत्येक प्रांताची एक टीम, होक्काइदो आणि टोकियोच्या दोन-दोन, अशा ४९. एक मॅच हरलात की संपलं. हरलेली पोरं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात, रडत रडत. मी क्रिकेटवाला माणूस, पहिल्या वर्षी नियमही कळत नव्हते, शेजारच्या गणिताच्या सरांनी कागदावर आकृत्या काढून शिकवले आणि मी त्यांना एलबीडब्ल्यू शिकवला. त्यांना एलबीडब्ल्यू अजून कळलेला नाही.

---

निळा_डोंगर | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

मी नागासाकी प्रांतात आहे. इथे उन्हाळ्याच्या सुट्टीतही आज मुलं शाळेत येतात. सकाळी वर्गात शांततेचा तास असतो आणि ११ वाजून २ मिनिटांनी भोंगा वाजतो, सगळे उभे राहून डोळे मिटतात. माझं हे तिसरं वर्ष. एवढं कोकलणारे सेमी तेवढ्या एका मिनिटात जास्तच ऐकू येतात.

आज एका आठवीतल्या मुलीने विचारलं, सेन्सेई, भारतातल्या मुलांना नागासाकी माहीत आहे का. मी म्हटलं, आम्ही शाळेत हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन नावं एका दमात म्हणायला शिकतो, मला लहानपणी ते एकच लांब नाव वाटायचं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, इथे माझं घर आहे हे पण सांगा त्यांना. म्हणून इथे लिहिलं.

---

नंद्या८४ | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५५

धन्यवाद, निळा_डोंगर. मुलीला सांगा की वाचलं.

---

पिंपळपान | १३ ऑगस्ट, रात्री १०.४०

ओबोन लागला. इबाराकीत आमच्या घरमालकीणबाई आजच्या दिवशी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून ठेवायच्या. काकडी म्हणजे घोडा, पितरांनी लवकर घरी यावं म्हणून, आणि वांगं म्हणजे बैल, जाताना त्यांनी हळूहळू जावं म्हणून. मी त्यांना पोळ्याचे मातीचे बैल फोनवर दाखवले होते. त्यांनी बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, तुमच्या बैलाला शिंगं छान आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्या वांग्याला दोन लवंगा टोचलेल्या होत्या.

बाकी, वाशिष्ठी कुठे गायब झाली?

---

आडवाटेचा | १४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

टेबल सोडून बाहेर पडली असणार, गुरुजींचं ऐकून :)

एक चांगली बातमी मी पण सांगतो. पुढच्या एप्रिलपासून शेजारच्या शहरात थेट नोकरीच्या एएलटीची जागा निघतेय, अर्ज भरतोय. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलंय. बोलता बोलता त्यांना मी योगेंद्र पुराणिकांचं सांगितलं, आपला मराठी माणूस, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आला आणि २०२३ मध्ये इबाराकीत त्सुचिउराच्या सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला. त्यांनी पेपरात वाचलं होतं. म्हणाले, मग तुम्ही निदान एएलटी तरी नीट पगारावर असायला हवं.

---

वाशिष्ठी | २६ ऑगस्ट, रात्री ९.१५

आले आले! खूप दिवसांनी लिहितेय, कारण खरंच वेळ मिळाला नाही.

पिंपळपान, तुमचं ऐकून टेनिसच्या मुलांकडे गेले. उष्णतेच्या निर्देशांकाचं यंत्र मैदानाच्या कडेला लावलेलं असतं, आकडा ३१ च्या वर गेला की सराव बंद, म्हणून सगळं सकाळी सातलाच सुरू. त्याआधी साडेसहाला देवळासमोर रेडिओवरची कवायत, १९२८ पासून चालू आहे म्हणे, प्राथमिकची पोरं गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि कवायत झाली की त्यावर शिक्का मिळतो. एका आजोबांनी मलाही कार्ड करून दिलं. माझे एकोणीस शिक्के झाले. कुंडीवाला मुलगा रोज भेटतो, त्याच्या वेलाला काल अकरा फुलं होती.

पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. नववीतली एक मुलगी सप्टेंबरच्या इंग्लिश स्पीच कॉन्टेस्टसाठी निवडली गेली, तिचा सराव माझ्याकडे आला. एप्रिलपासून ती माझ्याशी एक वाक्य बोललेली नाही. भाषण तिच्या आजोबांवर, ते नदीत मासे धरायचे. आता आली का पंचाईत, प्रत्येक दुसऱ्या ओळीत रिव्हर! जपानीत र आणि ल च्या मधला एकच आवाज आहे, त्यामुळे रिव्हरचं लिव्हर होत होतं, म्हणजे माझे आजोबा रोज सकाळी यकृतात उतरायचे असा अर्थ. तोंडाच्या आकृत्या काढल्या, आरसा आणला, काही जमेना. ती खाली बघत राहायची, आवाज अजून बारीक.

मग एक दिवस तिनेच विचारलं, पुलावर जाऊन करूया का. इथे चिंकाबाशी असतात, नदीवरचे बुटके पूल, मुद्दाम कठडा नाही, पूर आला की पाण्याखाली जातात आणि ओंडके अडकत नाहीत. आमच्याकडे चिपळूणला वाशिष्ठी नदीला पूर आला की काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे मला त्या पुलांबद्दल फार आपुलकी वाटते. मुलं त्यावरून उड्या मारत असतात. आम्ही मधोमध पाय सोडून बसलो. खाली पाण्याचा आवाज मोठा, म्हणून तिला ओरडावंच लागलं. मी सांगितलं, ओठ आधी गोल कर, जीभ कुठेच लावू नकोस, वाघ गुरगुरतो तसं. तिने दोन-तीनदा केलं आणि मग एकदम स्वच्छ आला, रिव्हर! खालून पाण्यातली चार पोरं ओरडली, रिव्हर! मग ती उभी राहून अख्खं भाषण म्हणाली, पोरं पाण्यात उभी राहून ऐकत होती, आणि जिथे रिव्हर येईल तिथे सगळे मिळून ओरडायचे. शेवटच्या परिच्छेदात आजोबा आता नाहीत असं आहे, तिथे कुणी ओरडलं नाही.

आडवाटेचा, तुमच्या अर्जाचं काय झालं ते नक्की लिहा, मी देव पाण्यात घालून बसलेय. माई, कोंबुची बाटली शाळेत नेली, शिपाईकाकांना आवडली.

उद्या सकाळी साडेआठला परत पुलावर सराव आहे. आता तिचा व्ही राहिलाय, तो अजून ब होतो.

---

गुरुजी_वर्धा | २६ ऑगस्ट, रात्री १०.०२

व्ही साठी खालचा ओठ वरच्या दातांना लावून फुंकर मारायला सांगा, आमच्या तिसरीला असंच शिकवतो. आणि निकाल कळवा ताई, वर्ध्यात वाट बघतोय.